धावपळीच्या दिवसात स्वतःची सजग काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्या बहुतेकांना सजगतेबद्दल थोडंफार माहीत असतं, गाडी अडते ती वेळेपाशी. म्हणून उत्तरं देताना एक गोष्ट धरून ठेवली आहे. आधीच भरलेल्या दिवसात आणखी एक काम वाढवायचं नाही. जे चाललंय त्यातच स्वतःसाठी जागा करायची, आणि तेही जमत नसेल तर दिवसातून काय कमी करता येईल ते बघायचं. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सजग स्वकाळजी म्हणजे नक्की काय? सुट्टीच्या दिवशी आराम करतो, तेवढं पुरत नाही का?

आराम हवाच, त्याला पर्याय नाही. पण आराम करताना आपण कुठे असतो तेही बघा. अंग सोफ्यावर आणि मन परवाच्या मीटिंगमध्ये असेल, तर सुट्टी संपते आणि शीण तसाच राहतो. आत्ता शरीरात, मनात आणि भोवती जे चाललंय त्याकडे, लगेच चांगलं-वाईट न ठरवता लक्ष देणं म्हणजे सजगता. त्या लक्षातून जी गरज कळते तिच्याकडे वेळेवर बघणं म्हणजे सजग स्वकाळजी. खांदे आखडलेत हे कळलं की ते सैल सोडणं. डोकं ठणकायला लागायच्या आधी तहान ओळखणं. आपला आवाज चढतोय हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळण्याआधी स्वतःला कळणं.

मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट या हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसात अवचित कधीतरी लोकांच्या फोनवर प्रश्न यायचे, की आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, कसं वाटतंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं, आणि मन भटकत असताना लोकांना एकूण कमी बरं वाटत होतं. मन सुखद विचारांत रमलेलं असलं तरी ते हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त सुखाचं ठरलं नाही.

२. त्यासाठी ध्यानच करावं लागतं का? आणि हे कुठल्या धर्माशी जोडलेलं आहे का?

या पद्धतींची मुळं बौद्ध ध्यानपरंपरेत आहेत. पण आज दवाखान्यांत आणि कामाच्या ठिकाणी शिकवला जाणारा प्रकार मोठ्या प्रमाणात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून आला आहे. तिथे जुनाट दुखणी आणि ताण घेऊन आलेल्या रुग्णांना तो शिकवला जायचा, आणि त्यासाठी कशावर श्रद्धा असण्याची अट नव्हती. आस्तिक असा वा नास्तिक, काही अडत नाही.

बसून ध्यान करणं हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. माझं मत विचाराल तर रोज थोडा वेळ बसून सराव केला की इतर वेळी भान परत आणणं सोपं जातं. पण बसायला वेळ मिळत नाही म्हणून बाकीचं सगळंच सोडून देऊ नका.

३. मला खरंच वेळ नाही. कमीत कमी किती वेळ द्यावा लागेल?

एक मिनिट. तेही एकदम नको असेल तर तीन संथ श्वास.

मात्र अपेक्षा नीट ठेवायला हवी. वर सांगितलेल्या अभ्यासक्रमात रोज साधारण ४५ मिनिटांचा घरचा सराव धरलेला होता. तणाव, चिंता, वेदना यांवर त्याचे जे फायदे नोंदले गेलेत, ते एका मिनिटाच्या बदल्यात मिळतील असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एका मिनिटाचा उपयोग निराळा आहे. सकाळपासून एकामागून एक चाललेली धावाधाव तो क्षणभर थांबवतो, आणि पुढचं पाऊल सवयीने टाकायचं की विचार करून, हे ठरवायला जागा देतो. दिवसात असे चार-पाच थांबे मिळाले तर संध्याकाळी उरणाऱ्या त्राणात फरक जाणवू शकतो.

४. सुरुवात कुठून करू? यादी केली की तीच अंगावर येते.

यादी करू नका. रोज न चुकता होणारी एकच गोष्ट निवडा आणि तिला एकच छोटी कृती जोडा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा ठरावांवर बरंच काम केलं आहे. ‘मी स्वतःकडे लक्ष देईन’ या नुसत्या निश्चयापेक्षा ‘लॅपटॉप उघडला की पासवर्ड टाकण्याआधी तीन श्वास घेईन’ असा ठराव प्रत्यक्षात जास्त वेळा पाळला जातो. कधी करायचं हा निर्णय आधीच झालेला असतो, ऐनवेळी मनाशी हुज्जत घालावी लागत नाही.

खूण निवडताना दोन गोष्टी बघा. ती घड्याळावर अवलंबून नसावी, कारण धावपळीच्या दिवशी घड्याळच पहिल्यांदा कोलमडतं. आणि ती आपोआप येणारी असावी. दार उघडणं, दात घासणं, चपला घालणं, हात धुणं या खुणा चांगल्या. ‘निवांत वेळ मिळाला की’ ही खूण कामाची नाही. पहिले दोन आठवडे एकाच खुणेवर राहा. मोह होतो, पण दुसरी जोडू नका.

५. रोजच्या कोणकोणत्या कामांत हे बसवता येतं? काही ठोस सांगा.

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी भिस्त इथेच आहे.

जागं झाल्यावर: फोन हातात घेण्याआधी अंथरुणातच अंग कसं आहे ते बघा. जबडा आवळलेला आहे का, पोट कसं आहे, झोप पुरली का? काही बदलायचं नाही, फक्त माहिती घ्यायची. आज किती जोर लावता येईल याचा अंदाज येतो, आणि झोप अपुरी झालीय हे कळलं की दिवसभरातल्या चिडचिडीचं निम्मं कारण सकाळीच कळलेलं असतं.

अंघोळ, भांडी, कपड्यांच्या घड्या: या कामांना डोकं लागत नाही, म्हणून त्यातच सगळ्यात जास्त चिंता घोळली जाते. पाण्याचा स्पर्श, त्याचं तापमान, आवाज, हातांची हालचाल यांवर लक्ष ठेवा. सगळी भांडी सजगपणे घासायची गरज नाही, पहिली दोन-तीन पुरेत.

जेवताना: पहिले काही घास स्क्रीनशिवाय. चव कळते, आणि भूक किती आहे याचाही अंदाज येतो. धावपळीत जेवणाऱ्यांचं पोट भरलं हे बऱ्याचदा ताट रिकामं झाल्यावरच कळतं.

एका कामातून दुसऱ्याकडे जाताना: माझ्या लेखी दिवसातली ही सगळ्यात मोलाची जागा आहे. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की पहिलं काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो आणि दुसऱ्या कामाची प्रत घसरते. म्हणून उठण्याआधी एक ओळ लिहा, ‘इथवर झालंय, पुढे हे करायचं’. मग पाय जमिनीवर टेकलेत हे जाणवू द्या, एक श्वास सावकाश सोडा आणि उठा. अर्धं मिनिट लागतं.

स्क्रीनसमोर: एकटक बघताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी साधारण २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघावं, हा डोळ्यांसाठीचा प्रचलित सल्ला आहे. तेवढ्यातच मान आणि खांदेही तपासून घ्या.

वाट बघताना: लिफ्ट, रांग, फोनवर ‘प्रतीक्षा करा’ ऐकत असताना. या वेळा आपल्या हातात नसतात, पण त्या फोनला द्यायच्या की स्वतःला, हे आपण ठरवू शकतो.

वाहन चालवताना मात्र श्वास मोजणं, डोळे मिटणं असलं काही नको. तिथली सजगता म्हणजे पूर्ण लक्ष रस्त्यावर.

६. श्वासाचं एवढं काय? आणि तो नेमका कसा घ्यायचा?

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. त्यात व्हेगस या मज्जातंतूचा वाटा मोठा आहे. उच्छ्वास लांबवला की शरीराच्या शांत होण्याच्या यंत्रणेला चालना मिळते. शिवाय श्वास आपला आपण चालतो आणि हवा तेव्हा आपल्या ताब्यातही घेता येतो. ठोके किंवा पचन असं थेट ताब्यात घेता येत नाही, म्हणून सुरुवात श्वासापासून.

कृती अशी: नाकाने सुमारे चार सेकंद श्वास आत, मग साधारण सहा सेकंद बाहेर. या लयीत मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी आरामात असताना प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. जोर लावून खोल ओढू नका, श्वास हलकाच हवा, फक्त संथ. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. श्वासावर लक्ष दिल्यानेच अस्वस्थ वाटत असेल तर १४ वाचा.

७. डोळे मिटले की विचारांची गर्दी होते. मला हे जमतच नाही असं समजायचं का?

नाही. विचार थांबवणं हा हेतूच नव्हता. मन गेलं, गेलंय हे लक्षात आलं, परत आणलं, हा एक फेरा म्हणजेच सराव. पाच मिनिटांत मन वीस वेळा गेलं आणि वीस वेळा परत आणलंत, तर तुमचा सराव छान झाला. परत आणताना स्वतःवर खेकसू नका एवढंच. ‘पुन्हा गेलं!’ असा वैताग म्हणजे त्याच गर्दीत आणखी एक विचार. नुसतं ‘विचार’ असं मनात म्हणायचं आणि पुढचा श्वास बघायचा.

बसवतच नसेल तर चालत करा. तळव्याची टाच टेकली, बोटं टेकली, उचललं. हालचाल असली की बऱ्याच जणांचं मन जास्त सहज ठरतं.

८. सवय लागायला २१ दिवस लागतात ना? मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून?

२१ दिवसांचा आकडा एका प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये मांडलेल्या निरीक्षणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तेवढे दिवस लागतात असं त्यांनी म्हटलं होतं. रोजच्या सवयींचा तो अभ्यास नव्हता. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात कृती आपसूक व्हायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत १८ ते २५४ दिवसांइतका फरक होता. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही.

तेव्हा खंड पडला तर पुन्हा पहिला दिवस मोजू नका. दिवस मोजूच नका. पुढची खूण आली की करा.

९. ॲप वापरावं का?

शिकताना आवाजाची साथ मिळते, तेवढ्यासाठी चांगलं. पण ॲप उघडायला गेलात आणि तीन नोटिफिकेशन्स बघून परत आलात असं होत असेल, तर साधा गजर किंवा भिंतीवरची चिठ्ठी बरी. ‘सलग इतके दिवस’ दाखवणारा आकडा बंद करता येत असेल तर करा. काहींना तो हुरूप देतो, पण तो तुटला की अनेक जण सगळंच सोडून देतात.

१०. सगळे झोपल्यावर मिळणारा वेळ हाच माझा. पण तो फोनवर जातो आणि झोपायला एक वाजतो. काय करू?

हा प्रश्न बायांकडून खूप येतो, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या प्रत्येकाकडून येतो. आधी एक मान्य करू या, की त्या वेळेची तुमची भूक खरी आहे. दिवसभरात एकही तास आपल्या मर्जीचा नसला की मन तो रात्रीतून ओढून घेतं. उट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ पासून झोपेच्या या टाळाटाळीचा स्वतंत्र अभ्यास सुरू केला. बाहेरचं काहीही कारण नसताना झोपायला जाणं पुढे ढकलत राहणं, अशी त्यांची व्याख्या आहे.

प्रौढांना किमान सात तास झोप लागते. ती सतत कमी पडत असेल तर बाकीची सगळी स्वकाळजी तोकडी पडते, हे स्पष्टच सांगते. पण ‘फोन बंद करून झोपा’ एवढं म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण मूळ दुखणं फोनचं नाही. म्हणून आधी आपला वेळ दिवसात पुढे सरकवून बघा. संध्याकाळची वीस मिनिटं घोषित करून घ्या, दार लावून, घरच्यांना सांगून (कसं सांगायचं ते १२ मध्ये). ती मिळायला लागली की रात्रीची ओढ थोडी सैल होते.

मग रात्रीचा वेळ आखा, पण रद्द करू नका. अर्धा तास माझा, शेवट ठरलेला. शेवट असलेली गोष्ट निवडा. वाचनाचं एक प्रकरण संपतं, सरकवत राहायचे व्हिडिओ संपत नाहीत. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत ठेवा. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा शेवटचा कप दुपारीच घ्या.

अंथरुणावर पडल्यावर उद्याची कामं डोक्यात फिरत असतील तर पाच मिनिटं ती कागदावर उतरवा. बेलर विद्यापीठातल्या एका प्रयोगात झोपण्याआधी पुढच्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. ४ मध्ये यादी करू नका म्हटलं ते स्वतःच्या सुधारणेच्या यादीबद्दल. कामांची यादी डोक्यातून कागदावर गेलेलीच बरी.

११. काम संपतं, पण डोक्यातून जात नाही. घरूनच काम असल्यामुळे तर हद्दच राहिली नाही.

झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस कसा सावरतो याचे चार भाग मांडले: कामापासून मनाने दूर होणं, शिथिल होणं, काहीतरी नवं शिकण्यात गुंतणं आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. आपण सहसा दुसऱ्यावरच थांबतो, म्हणजे लोळतो. पहिलं झालेलं नसतं म्हणून लोळूनही हलकं वाटत नाही.

त्यासाठी दिवसाला शेवट द्या. उद्याची पहिली तीन कामं लिहा, सगळ्या खिडक्या बंद करा, लॅपटॉप नजरेआड ठेवा, कपडे बदला, पाच मिनिटं चालून या. रोज याच क्रमाने. त्यानंतर कामाचा विचार येईलच. आला की ‘हे उद्याच्या कागदावर आहे’ म्हणून सोडून द्या, आणि कागदावर नसेल तर तेवढं लिहून टाका.

१२. घरच्यांना ‘मला वेळ हवाय’ कसं सांगू? स्वार्थी वाटेल ना?

नेमकं सांगा. ‘मला कुणी वेळच देत नाही’ यातून भांडण होतं. ‘सात ते सव्वासात मी खोलीत असेन, तेवढ्यात बाळाकडे तू बघ, मग मी येते’ यातून व्यवस्था होते. वेळ लहान, ठरलेली आणि रोज तीच ठेवा. समोरच्यालाही तशीच वेळ मिळू द्या, मग स्वार्थाचा मुद्दा आपोआप निकालात निघतो.

अपराधीपणाबद्दल: ती भावना लगेच जाणार नाही, आणि ती जाईपर्यंत थांबूही नका. दार लावून बसल्यावर ‘मी आत्ता कामं टाकून बसलेय’ असं वाटलं तर तेही बघा. छातीत कुठे जाणवतं, किती वेळ टिकतं. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःप्रति करुणेचे तीन भाग सांगितले: स्वतःशी मायेनं वागणं, अशी ओढाताण माझ्या एकटीची नाही हे लक्षात घेणं, आणि भावनेत वाहून न जाता ती ओळखणं. जवळच्या मैत्रिणीने हीच तक्रार सांगितली असती तर तिला काय म्हणाला असता, ते स्वतःला म्हणून बघा.

१३. तान्हं बाळ आहे, किंवा घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. सलग पाच मिनिटंही हातात नसतात. आम्ही काय करायचं?

तुम्हाला वेळापत्रक सांगणं अन्यायाचं होईल. तुमच्यासाठी क्रम वेगळा आहे: आधी झोप, मग जेवण, मग मदत, आणि सजगता या तिन्हींच्या अधेमधे. बाळ झोपलं आणि तुम्हालाही झोप येतेय, तर ध्यान नको, झोपा.

जे आधीच करताय त्यातच थांबे आहेत. बाळाला पाजताना पाठ टेकलीय का, खांदे कानाशी गेलेत का? कूस बदलायला मदत करताना स्वतःचा श्वास अडकलाय का? औषध देण्याआधी हात धुताना तीन श्वास. तेवढंच.

आणि मदत मागताना मोघम बोलू नका. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्यांना दिवस आणि तास द्या: ‘शनिवारी दुपारी दोन तास येऊन बसशील?’ देखभाल करणाऱ्या माणसाला ती दोन तासांची सुटका कुठल्याही श्वसनापेक्षा जास्त उपयोगाची आहे, असं मला मनापासून वाटतं.

बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, सतत रडू, बाळाविषयी काहीच न वाटणं किंवा भीतीदायक विचार येत असतील, तर वाट बघू नका, डॉक्टरांशी बोला.

१४. शांत बसलं की उलट छाती धडधडते, जुनं काहीतरी वर येतं. मग हे माझ्यासाठी नाही का?

असं होतं, आणि तुम्ही एकट्या किंवा एकटे नाही. सतत धावत राहिल्याने जे दाबलं गेलेलं असतं, ते थांबल्यावर डोकं वर काढतं. मोठा आघात सोसलेल्यांना तर शरीराच्या आतल्या संवेदनांवर लक्ष देणंच असह्य होऊ शकतं. दात-ओठ खाऊन पुढे रेटू नका.

लक्ष बाहेर न्या. डोळे उघडे ठेवा. खोलीतल्या पाच वस्तू नावाने ओळखा, कानावर येणारे आवाज मोजा, खुर्चीचा आधार पाठीला जाणवू द्या. वेळ अर्ध्या मिनिटावर आणा. हालचालीतला सराव (७ मधलं चालणं) किंवा स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत जास्त मानवते का बघा. एडमंड जेकबसन या वैद्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ती मांडली: पावलांपासून वर येत एकेक स्नायूगट काही सेकंद आवळायचा आणि सोडून द्यायचा. तरीही त्रास होत राहिला, जुने प्रसंग डोळ्यांसमोर येत राहिले, तर एकट्याने सराव थांबवा आणि आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारकांची मदत घ्या.

१५. व्यायाम यात धरायचा का? तोही होत नाही.

धरायचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. पूर्वी ती सलग निदान दहा मिनिटांची असावी असं म्हटलं जायचं. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती अट राहिली नाही. म्हणजे दोन मजले चढणं, फोनवर बोलताना फेऱ्या मारणं, एक थांबा आधी उतरून चालणं हेही मोजलं जातं. चालताना इअरफोन काढले की ५ मधलाच सराव होतो, वेगळा वेळ लागत नाही.

१६. माझी रात्रपाळी असते, आठवडाभराने वेळ बदलते. सकाळ-संध्याकाळचे सल्ले कसे लावू?

सकाळ-संध्याकाळ विसरा. ‘उठल्यावर’, ‘पाळीला निघताना’, ‘पाळीवरून आल्यावर’ आणि ‘झोपण्याआधी’ असे चार टप्पे धरा. पाळी कुठलीही असो, ते येतातच. पाळीवरून आल्यावरचा टप्पा महत्त्वाचा, कारण तेव्हा बाहेर उजाडलेलं असतं आणि घर जागं होत असतं. खोलीत गडद अंधार, थंडावा, फोन बंद, आणि झोपेची वेळ घरच्यांना माहीत. झोपेची वेळ कुणी कामासाठी मागितली तर नाही म्हणणं ही तुमच्यासाठी पहिली स्वकाळजी आहे. पाळी संपल्यावर डोळे मिटत असतील तर गाडी चालवू नका.

१७. ऑफिसने सजगतेचं शिबिर ठेवलं, पण काम तेवढंच. श्वास घेऊन हे कसं सुटणार?

श्वासाने हे सुटणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कामामुळे येणाऱ्या या थकव्याची नोंद अशी केली आहे: दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या कामाच्या ताणातून तो येतो. पार गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपण काही नीट करू शकत नाही ही भावना, ही त्याची तीन अंगं. त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं आहे. कारण कामात असेल तर उपायही कामात व्हायला हवा.

सजगतेचा इथे एक खरा उपयोग आहे: तिच्यामुळे तुमच्याकडे तपशील जमतो. दोन आठवडे रोज एक ओळ लिहा, आज कशाने दमलो. मग वरिष्ठांकडे ‘खूप ताण आहे’ असं न म्हणता ‘या तीन कामांपैकी या आठवड्यात दोनच होतील, कुठली हवीत?’ असं विचारता येतं. उत्तर ‘तिन्ही’ असंच येत राहिलं, तर तीही माहितीच आहे. ती घेऊन पुढचा निर्णय करा.

१८. सगळं करून बघितलं, झोपही घेते, तरी थकवा जात नाही.

मग हा प्रश्न स्वकाळजीचा नसेलही. रक्तातलं लोह कमी असणं, थायरॉइडचा बिघाड, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, काही औषधांचे परिणाम या सगळ्यांत थकवा हे लक्षण असतं. डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्या. मन दोन आठवडे जवळजवळ रोज खिन्न आहे, आवडत्या गोष्टींतला रस गेलाय, भूक आणि झोप बदलली आहे, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच, आत्ता, जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या.

नैराश्य पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून सजगतेवर आधारलेली एक उपचारपद्धती झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल यांनी विकसित केली आहे. ती प्रशिक्षित व्यक्तीकडून घ्यायची असते. चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता तिच्यासाठी बंद करू नका.

१९. उपयोग होतोय हे कसं ओळखायचं? मला तर काहीच वेगळं वाटत नाही.

शांत वाटतंय का, हे रोज तपासू नका. त्यानेच अस्वस्थता वाढते. महिन्याभराने मागे वळून छोट्या गोष्टी बघा. चिडल्यावर निवळायला पूर्वीइतकाच वेळ लागतो का? मेसेजला लगेच खरमरीत उत्तर धाडण्याआधी थांबायला झालं का? तहान, भूक, लघवीची भावना वेळेवर कळते का? बऱ्याचदा फरक घरच्यांना आधी दिसतो, त्यांना विचारा.

सुरुवातीला काही जणांना ताण वाढल्यासारखा वाटतो. तो बहुधा आधीपासूनच असतो, आता फक्त जाणवायला लागलेला असतो. एक-दोन महिने नेमाने करूनही काहीच हाती लागत नसेल, तर खूण बदला किंवा पद्धत बदला. श्वास सोडून चालणं घ्या, एकट्याने करत असाल तर गटात करून बघा. आणि त्याऐवजी बागकाम किंवा पोहणं यातच तुमचं मन खऱ्या अर्थाने थाऱ्यावर येत असेल, तर आठवड्यातली तीच वेळ आधी राखून ठेवा.